साडेअकरा पौंडांचं गणित

अमेरिकेतल्या मराठी घरांत मार्च-एप्रिल हे दोन महिने परीक्षेचेच असतात. मुलांच्या आणि आई-बाबांच्याही. बारावीतल्या मुलाला किंवा मुलीला कॉलेजांची उत्तरं यायला लागतात. अ‍ॅडमिशन मिळाल्याचा आनंद दोन दिवस टिकतो, मग फायनान्शियल एडचं पत्र उघडलं जातं आणि घरातलं बोलणं एकदम हळू आवाजात सुरू होतं. एका कॉलेजचं नाव मोठं, पण मदत थोडी. दुसऱ्याची मदत भरघोस दिसते, पण नीट वाचलं तर त्यातली निम्मी रक्कम कर्जाची. तिसऱ्याची स्कॉलरशिप पहिल्या वर्षाला पक्की, पुढच्या वर्षांना मार्कांवर अवलंबून. चौथ्याचं पत्र अजून आलेलंच नाही. आणि होकार मात्र बहुतेक ठिकाणी १ मेच्या आत कळवायचा. मग जेवणं आटोपल्यावर टेबलावर लॅपटॉप येतो, एक्सेलमध्ये चार कॉलम पडतात आणि रात्री बारापर्यंत बेरजा-वजाबाक्या चालतात.

माझा व्यवसाय सॉफ्टवेअर कन्सल्टिंगचा. कॉन्ट्रॅक्टवर पोट असणाऱ्या माणसाला एक सवय आपोआप लागते. तासाचा दर किती हे तो नंतर बघतो. आधी बघतो की काम किती महिन्यांचं, मध्येच बंद करायचा अधिकार कुणाला, आणि बंद झालं तर आपल्या हातात काय उरणार. कॉलेजच्या मदतीचे हे तक्ते पाहिले की मला दर वेळी एका विद्यार्थ्याची आठवण होते. १९१३ च्या जुलै महिन्यात तो मुंबईहून न्यूयॉर्कला येऊन पोचला. खिशात बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती होती, महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. त्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर.

बाबासाहेबांची राज्यघटना, महाडचा सत्याग्रह, धर्मांतर हे सगळं आपण लहानपणापासून वाचत आलो आहोत. त्यांच्या शिक्षणाबद्दल मात्र आपल्याला फक्त पदव्यांची लांबलचक यादी माहीत असते. त्या पदव्यांचे पैसे कुठून आले, किती आले आणि कधी थांबले, हा हिशोब फारसा कुणी मांडत नाही. मंडळी, हा लेख त्या हिशोबाबद्दल आहे.

सुरुवात पंचवीस रुपयांपासून

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी मध्य भारतातल्या महू छावणीत झाला. वडील रामजी लष्करात सुभेदार. निवृत्तीनंतर दापोली, सातारा असं करत कुटुंब मुंबईला परळच्या चाळीत एका खोलीत येऊन राहिलं. पेन्शन तुटपुंजी, घरात माणसं बरीच. पण मुलाला पुस्तक हवं म्हटलं की रामजी कुठूनही पैसे उभे करायचे. लग्न झालेल्या मुलींकडे उसने मागायचे, वेळ पडली तर त्यांचा एखादा दागिना गहाण टाकायचे आणि पेन्शन आली की सोडवून आणायचे. फायनान्शियल एडचा पहिला फॉर्म हा असा घरातल्या घरात भरला गेला होता.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाले. महार समाजातला मुलगा मॅट्रिक होणं ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट! त्यानिमित्त सत्कार झाला आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षक-लेखकाने आपलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं. केळुसकर तिथेच थांबले नाहीत. एल्फिन्स्टन कॉलेजात इंटरपर्यंत वडिलांनी कसंबसं ओढलं आणि पुढे हात टेकले, तेव्हा केळुसकर या मुलाला घेऊन बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांकडे गेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरं पसंत पडली आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती सुरू झाली. ओळखीतल्या एका माणसाने स्वतःहून घातलेला शब्द किती लांबवर जातो, याचं याहून चांगलं उदाहरण शोधायला नको.

बी.ए. झाल्यावर १९१३ च्या जानेवारीत भीमराव बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. वडिलांना हे पसंत नव्हतं. तिथे जातीमुळे मुलाला काय सोसावं लागेल याची त्यांना कल्पना होती. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार आली. मुंबईला येताना भीमराव वडिलांसाठी मिठाई घ्यायला सुरत स्टेशनवर उतरले आणि गाडी सुटली. दुसऱ्या दिवशी घरी पोचले तेव्हा शेवटची काही मिनिटंच हाती होती. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी सुभेदार गेले.

चार जूनचा करार

वय २२. वडील गेलेले, घरी पत्नी रमाबाई, कडेवर काही महिन्यांचा यशवंत. बडोद्याला परत जायचं मन नाही आणि मुंबईत दुसरी नोकरी नाही. अशा वेळी कळलं की सयाजीराव काही विद्यार्थ्यांना कोलंबिया विद्यापीठात पाठवणार आहेत. भीमरावांनी महाराजांची भेट घेतली, अर्ज केला आणि निवड झाली. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. संस्थान तीन वर्षं खर्च देणार, विद्यार्थ्याने नेमलेल्या विषयांचा अभ्यास करायचा आणि परत आल्यावर दहा वर्षं बडोदा सरकारची नोकरी करायची.

हा प्रस्ताव आजच्या एखाद्या पत्रासारखा समोर ठेवून बघा. महिना साडेअकरा पौंड म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण १७२ रुपये, किंवा ५६ डॉलर. तीन वर्षांची एकूण रक्कम ४१४ पौंड. मुंबईच्या चाळीतून बघितलं तर हा डोंगर, न्यूयॉर्कच्या भाड्याच्या खोलीतून बघितलं तर टेकडी. त्यातूनच फी, राहणं, जेवण, पुस्तकं आणि घरी पाठवायचे पैसे. बदल्यात तीन वर्षं अभ्यासाची आणि दहा वर्षं नोकरीची, म्हणजे बावीस वर्षांच्या मुलाने आपलं आयुष्य पस्तिशीपर्यंत लिहून दिलं. मुदत वाढेल का, याचं आश्वासन नाही. नोकरी कुठल्या परिस्थितीत करावी लागेल, त्यावर करारात त्याच्या बाजूने काहीच नाही. आणि बडोद्यात काय वाढून ठेवलेलं असू शकतं याची एक झलक त्याने आधीच पाहिलेली.

तरीही त्याने सही केली. घाईत किंवा भोळेपणाने केली असं म्हणता येणार नाही. त्याच्यासमोर दुसरं पत्र नव्हतं, आणि मिळणारी गोष्ट अशी होती की एकदा डोक्यात शिरल्यावर ती कुणालाही परत मागता येणार नव्हती. मदत अर्ध्यावर थांबली तरी तोपर्यंत शिकलेलं आपलंच. पुढच्या तीन वर्षांत भीमरावांनी जे केलं ते याच समजुतीने केलं असावं, असं मला वाटतं.

न्यूयॉर्कची तीन वर्षं

कोलंबियात सुरुवातीला ते हार्टली हॉलमध्ये उतरले. तिथलं जेवण काही मानवेना, तेव्हा मुक्काम कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये हलवला आणि नंतर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये. तिथे त्यांचे खोलीसोबती होते नवल भथेना नावाचे पारशी तरुण. हे नाव लक्षात ठेवा, पुढच्या हिशोबात ते पुन्हा येणार आहे. लिव्हिंग्स्टन हॉलची इमारत आजही उभी आहे, तिला आता वॉलक हॉल म्हणतात. मुलांना कॅम्पस टूरला नेलंत तर जरूर दाखवा.

तीन वर्षं म्हणजे तीनच वर्षं, हे धरून या विद्यार्थ्याने कामाची आखणी केली. विद्यापीठातल्या नोंदी बघितल्या तर छाती दडपते. अर्थशास्त्राचे २९ कोर्स, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि शिवाय प्राथमिक फ्रेंच आणि जर्मन. एडविन सेलिग्मन, जॉन ड्यूई, जेम्स शॉटवेल अशा एकाहून एक नामांकित प्राध्यापकांच्या वर्गात ते बसले. १९१५ मध्ये एम.ए. झालं. ९ मे १९१६ रोजी प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला, जो आजही जगभर अभ्यासला जातो. जूनपर्यंत पीएच.डी.चा प्रबंधही तयार होता.

याच काळात लाला लजपतराय न्यूयॉर्कमध्ये होते आणि भारतीय विद्यार्थ्यांना स्वातंत्र्याच्या कामात ओढत होते. भीमरावांनाही आग्रह झाला. त्यांनी नम्रपणे नकार दिला. ज्या कामासाठी महाराजांनी पाठवलं ते आधी पुरं करायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. जेवणाखाण्यात ते काटकसर करायचे, पण जुन्या पुस्तकांच्या दुकानात मात्र हात आखडायचे नाहीत. न्यूयॉर्क सोडेपर्यंत जवळजवळ दोन हजार पुस्तकं जमली होती.

एक खर्च मात्र भागला नाही. कोलंबियाच्या तेव्हाच्या नियमाप्रमाणे प्रबंध छापून त्याच्या प्रती दिल्याशिवाय पीएच.डी. हातात मिळत नसे. छपाईला पैसे कुठले? प्रबंध लिहून झाला १९१६ मध्ये, पुस्तक निघालं १९२५ मध्ये आणि पदवी मिळाली १९२७ मध्ये. शिकवणीची फी, राहणं, जेवण असे सगळे कॉलम भरले तरी एखादा खर्च असा कुठेतरी लपून बसलेला असतो. आणि तो नेमका शेवटी वर येतो.

परतीची वाट खुली ठेवली

तीन वर्षं संपत आली तेव्हा भीमरावांनी मुदत वाढवून मागितली. लंडनला जाऊन अर्थशास्त्र आणि कायदा दोन्ही करायचं मनात होतं. वाढ मिळाली, पण थोडक्या काळाची. १९१६ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं, ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीलाही सुरुवात केली. काम रंगात आलं आणि बडोद्याहून निरोप आला की शिष्यवृत्तीची मुदत संपली, परत या.

महाराज बदलले नव्हते. त्यांची विद्येवरची श्रद्धा तशीच होती. पण देणाऱ्याचं मन मोठं असलं तरी कागद हलवणारे हात दुसरे असतात. आपल्यालाही हे माहीत आहे. अ‍ॅडमिशन ऑफिसातली हसतमुख बाई वेगळी आणि दर वर्षी मदतीचा फेरविचार करणारी कमिटी वेगळी.

त्या क्षणी भीमरावांनी जी एक गोष्ट केली तिचं मला सगळ्यात जास्त कौतुक वाटतं. निराश होऊन बोटीत बसण्याआधी त्यांनी विद्यापीठाकडून परवानगी मिळवली, की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करता येईल. प्राध्यापक एडविन कॅनन यांनी त्यासाठी शिफारस केली. पैसे संपले होते, पण जागा राखून ठेवली. आपण कॉम्प्युटरवर काम बंद करण्याआधी सेव्ह करतो ना, तसंच.

पहिलं महायुद्ध चालू होतं. सामान एका बोटीने आणि भीमराव दुसऱ्या बोटीने निघाले. सामानाची बोट पाणबुडीने बुडवली. इकडे मुंबईत बातमी पोचली आणि रमाबाईंच्या घरी आकांत झाला. भीमराव सुखरूप आहेत हे नंतर कळलं. पुस्तकं मात्र समुद्राच्या तळाशी गेली.

दहा वर्षांच्या कराराचं काय झालं

सामानाची नुकसानभरपाई म्हणून थॉमस कुक कंपनीकडून ६०० रुपये मिळाले. त्यातून घरखर्चाला काही ठेवून भीमराव १९१७ च्या सप्टेंबरमध्ये बडोद्याला गेले. करार पाळायला गेले. कोलंबियाचा एम.ए., पीएच.डी.चा प्रबंध लिहिलेला, लंडनला शिकून आलेला हा अधिकारी. पण स्टेशनवर घ्यायला कुणी नाही आणि गावात राहायला जागा नाही. हिंदू खाणावळीत प्रवेश मिळणं शक्य नव्हतं. शेवटी एका पारशी विश्रामगृहात ते पारशी नावाने राहिले. ऑफिसात शिपाई लांबून टेबलावर फायली फेकायचे. पिण्याच्या पाण्याचीही पंचाईत. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेऊन काही पारशी मंडळी आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडा म्हणून बजावून गेली. ओळखीच्या दोघांकडे विचारून पाहिलं, दोघांनीही आपली अडचण सांगितली. मग हा तरुण कामाठीबागेत झाडाखाली जाऊन बसला आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतला. तीच बाग आज सयाजीबाग म्हणून ओळखली जाते आणि ज्या ठिकाणी ते बसले ती जागा आता संकल्पभूमी आहे.

शिष्यवृत्तीच्या पत्रात हे काही लिहिलेलं नव्हतं. दहा वर्षं नोकरी एवढंच लिहिलं होतं. ती नोकरी करू द्यायची जबाबदारी कुणाची, हे लिहायचं राहून गेलं होतं. नाव मोठं, मदत पुरेशी, पण तिथे आपल्या मुलाला माणूस म्हणून जागा आहे का, हा प्रश्न आपल्या एक्सेलमध्ये कुठल्या कॉलममध्ये येतो? बडोद्याला जे घडलं त्याची तुलना आपल्या अडचणींशी करणं बरोबर होणार नाही. तो अन्याय वेगळ्याच जातीचा होता, अगदी शब्दशः. तरी प्रश्न विचारायचा राहू नये, एवढंच.

मुंबईत परत आल्यावर शिकवण्या केल्या. शेअर बाजाराबद्दल सल्ला देणारी एक छोटी पेढी काढली. गिऱ्हाइकांना जात कळली आणि ती बंद पडली. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची तात्पुरती जागा मिळाली, पगार महिना ४५० रुपये. विद्यार्थ्यांची वर्गात गर्दी व्हायची. काही सहकाऱ्यांनी मात्र स्टाफरूममधल्या पाण्याच्या भांड्याला हात लावण्यावरून कुरकुर केली.

दुसरा प्रस्ताव, स्वतःच मांडलेला

आता दुसऱ्या फेरीचं गणित बघा. लंडनच्या परवानगीची मुदत ऑक्टोबर १९२१ पर्यंत. या वेळी कुणाचा करार नाही, कुणाची अट नाही, पण महिन्याला येणारे पौंडही नाहीत. सिडनहॅमची नोकरी मार्च १९२० मध्ये सोडली, म्हणजे ती सोळा महिने केली. सोळा महिन्यांचा सगळा पगार धरला तरी ७,२०० रुपये होतात, आणि त्यातच घर चालवायचं होतं. परळच्या चाळीत दोन खोल्यांत राहून, ठरावीक रक्कम रमाबाईंच्या हाती देऊन, बाकीचे पैसे त्यांनी बाजूला टाकले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी मदत केली. आणि ५,००० रुपये कर्जाऊ दिले ते लिव्हिंग्स्टन हॉलमधल्या खोलीसोबत्याने, नवल भथेनांनी.

कोलंबियाने त्यांना डिग्री दिली, ड्यूई आणि सेलिग्मन दिले, हे तर खरंच. पण हिशोबाच्या वहीत बघायचं तर कोलंबियाच्या त्या खोलीत मिळालेला हा मित्र कुठल्याही ग्रँटपेक्षा कमी नव्हता.

जुलै १९२० मध्ये ते लंडनला निघाले, म्हणजे मुदत संपायच्या वर्षभर आधी. तिथला दिनक्रम आपण वाचलेला आहे: सकाळी ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात शिरायचं ते बंद होईपर्यंत उठायचं नाही, दुपारचं जेवण बहुतेक टाळायचं, रात्री परत वाचन. त्यात आणखी एक संकट आलं, जे आपल्याला चांगलं कळेल. १९२० च्या सुरुवातीला एका रुपयाला अडीच शिलिंगांहून जास्त मिळत होते. १९२१ मध्ये तोच रुपया दीड शिलिंगाच्याही खाली घसरला. मुंबईहून येणाऱ्या प्रत्येक रुपयाचे लंडनमध्ये कमी पेन्स व्हायला लागले. गंमत म्हणा किंवा दैव म्हणा, हा विद्यार्थी तेव्हा नेमका रुपयाच्या प्रश्नावरच डी.एस्सी.चा प्रबंध लिहीत होता! १९२१ मध्ये त्यांनी शाहू महाराजांकडे पत्राने दोनशे पौंड उसने मागितले.

१९२१ मध्ये एम.एस्सी. झालं, १९२२ मध्ये बॅरिस्टरी. डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी फेरबदलासाठी परत केला, कारण त्यातली ब्रिटिश सरकारवरची टीका त्यांना झोंबली होती असं म्हणतात. लंडनला राहून तो सुधारायला पैसे नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये ते मुंबईला परतले, इथूनच दुरुस्त्या करून पाठवल्या आणि त्या वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये पदवी मिळाली. वकिलीची सनद काढायलाही हातात पैसे नव्हते. तेव्हाही भथेनाच धावून आले.

वहीत न लिहिलेला खर्च

आतापर्यंतच्या हिशोबात एक नाव मी मुद्दाम मागे ठेवलं. १९१३ ते १९२३ या दहा वर्षांतला निम्म्याहून जास्त काळ रमाबाई मुंबईत एकट्याने संसार ओढत होत्या. नवरा सातासमुद्रापार, येणारे पैसे अपुरे, त्यातही कधी येतील याचा नेम नाही. त्यांच्या पाच मुलांपैकी चार लहानपणीच गेली. २७ मे १९३५ रोजी रमाबाई गेल्या तेव्हा त्यांनी पन्नाशीही पाहिलेली नव्हती. त्यांनी जे दिलं ते कुठल्या करारात नव्हतं आणि ते फेडायची मुदतही कधी आली नाही. बाबासाहेबांनी पुढे आपलं एक पुस्तक त्यांना अर्पण केलं.

आपल्याकडच्या घरांतही असा एक कॉलम असतो. धाकट्या भावंडाचं कॉलेज, आईने पुन्हा सुरू केलेली नोकरी, बाबांचा लांबणीवर पडलेला रिटायरमेंट प्लॅन, भारतातल्या आजी-आजोबांची रद्द झालेली भेट. मूल होकार कळवतं तेव्हा त्याला हा कॉलम दिसलेला असावा. त्याच्या डोक्यावर ओझं ठेवायला म्हणून नको. त्यालाही हिशोबात भागीदार म्हणून बसवायला हवं.

तर मग काय बघायचं?

मी काही फायनान्शियल प्लॅनर नाही. पण साडेअकरा पौंडांच्या या हिशोबातून चार गोष्टी मी स्वतःसाठी काढून ठेवल्या आहेत. रकमेच्या आधी मुदत वाचावी: चारही वर्षांची हमी आहे की पहिल्याच वर्षाची, आणि पुढची कशावर अवलंबून आहे. कर्ज आणि ग्रँट वेगवेगळ्या रंगात लिहावे, दोन्हींची बेरीज एका ओळीत करू नये. कॉलेजला सरळ विचारावं की घरची परिस्थिती बदलली तर फेरविचार होतो का. भीमरावांनी दोनदा मागितलं, आणि पूर्ण नाही तरी काही मिळालं. चौथी गोष्ट म्हणजे मध्येच थांबावं लागलं तर परत येता येतं का, किती वर्षांत आणि कुठल्या अटींवर, हे होकार देण्याआधी माहीत असावं.

इतकं सगळं पाहूनही अनिश्चितता उरतेच. ४ जून १९१३ च्या करारावर सही करायची वेळ आली तेव्हा बडोद्यात पुढे काय होणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सगळ्या शंका फिटेपर्यंत थांबायचं ठरवलं असतं, तर ती बोट निघून गेली असती.

१९२५ मध्ये कोलंबियाचा तो प्रबंध अखेर पुस्तकरूपाने निघाला. अर्पणपत्रिकेवर नाव होतं सयाजीराव गायकवाडांचं. कामाठीबागेतली ती संध्याकाळ होऊन गेल्यावरही, शिक्षणासाठी मिळालेल्या मदतीची कृतज्ञता त्यात स्पष्ट नोंदवलेली आहे. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी दलित विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठी सरकारी तिजोरीतून पैसे मिळावेत म्हणून पाठपुरावा केला. १९४४ मध्ये मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी केंद्र सरकारची शिष्यवृत्ती सुरू झाली, आणि काही मुलं सरकारी खर्चाने परदेशीही गेली. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, पुढच्याच वर्षी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडलं, आणि १९५० मध्ये औरंगाबादला त्यांचं कॉलेज सुरू झालं, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आलं. आपल्याला एका महाराजाच्या मर्जीवर शिकावं लागलं. पुढच्या मुलांना ते हक्काने मिळावं, अशी ती सगळी खटपट होती.

५ जून १९५२ रोजी कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली आणि ती घ्यायला ते स्वतः न्यूयॉर्कला आले. पहिल्या खेपेला इथे उतरल्याला तेव्हा एकोणचाळीस वर्षं होत आली होती. या वेळी छपाईचे पैसे भरावे लागले नाहीत.